शुगर ‘बॉर्डर’वर आहे

‘शुगर बॉर्डरवर आहे,’ असे डॉक्टरांनी सांगितले की माणूस दवाखान्यातून बाहेर पडतो, पण हायसे वाटून घ्यावे की घाबरावे, हे त्याला कळत नाही. आजार आहे असे कोणी म्हटलेले नसते आणि नाही असेही म्हटलेले नसते. गोळ्या मिळत नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा या, एवढेच सांगितले जाते. या तीन महिन्यांत काय खावे, कोणाला सांगावे, कोणापासून लपवावे, रोजे ठेवावेत की नाही, हे सगळे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

आम्ही दोघी जावा या तीन महिन्यांतून नुकत्याच पार पडलो. हा लेखही दोघींनी मिळून लिहिला आहे. धाकटी लिहीत गेली, थोरली शेजारी बसून ‘हे असं नव्हतं, असं होतं’ म्हणत गेली. घरात आम्ही उर्दू-हिंदी बोलतो, पण दोघींचे शिक्षण मराठी शाळेत झाले, त्यामुळे लिहायचे म्हटले की मराठीच येते.

आमचे घर नागपूरच्या जरीपटक्यात आहे. फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबे इथे मोठ्या संख्येने वसली. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना ‘बॉर्डर’ म्हटले की वेगळेच काही आठवते. आमच्या शेजारच्या सिंधी दादींना आम्ही रिपोर्टबद्दल सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘बेटा, बॉर्डरवर कोणी घर बांधत नाही. तिथून इकडे यायचं असतं किंवा तिकडे जायचं असतं.’ त्या सहज बोलून गेल्या, पण आम्हाला ते वाक्य पुढे बरेच दिवस पुरले.

तपासणी झाली कशी

हिवाळ्यात वस्तीत मोफत आरोग्य शिबिर होते. सकाळी तर्री-पोहे खाऊन, घरातली कामे आटोपून आम्ही दोघी गेलो. बोटाला सुई टोचून शुगर पाहिली. थोरलीची १७४ आणि धाकटीची १६१ आली. तपासणाऱ्या मुलाने मान वर न करता मोठ्याने सांगितले, ‘दोघींनाही शुगर आहे.’ मागे रांगेत ओळखीच्या दहा-बारा बायका होत्या. आम्ही घरी पोहोचायच्या आत बातमी घरी पोहोचली होती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले की खाल्ल्यानंतर बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताच्या एका आकड्यावरून कोणालाही मधुमेही ठरवता येत नाही. त्यावरून फक्त पुढची तपासणी करायला हवी, एवढे कळते. मग उपाशीपोटी शिरेतून रक्त दिले. सोबत एचबीएवनसी आणि हिमोग्लोबिन. रिपोर्ट असे आले. थोरलीची उपाशीपोटी शुगर ११९, एचबीएवनसी ६.४, हिमोग्लोबिन ८.९. धाकटीची शुगर १०८, एचबीएवनसी ५.९, हिमोग्लोबिन ११.८.

या आकड्यांचा अर्थ आम्ही डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतला. तो इथे सांगतो, कारण आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत रिपोर्टचा कागद गादीखाली असतो, पण तो वाचता कोणालाच येत नाही.

उपाशीपोटी, म्हणजे किमान आठ तास काही न खाता शुगर १२६ किंवा त्याहून जास्त आली तर ती मधुमेहाची पातळी. १०० ते १२५ च्या मध्ये आली तर मधुमेहाच्या आधीची अवस्था, म्हणजे ‘बॉर्डर’. हा अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचा हिशेब झाला. जागतिक आरोग्य संघटना ही बॉर्डर १०० पासून नाही, ११० पासून धरते. म्हणजे धाकटीचे १०८ एका हिशेबाने बॉर्डरवर आणि दुसऱ्या हिशेबाने बॉर्डरच्या अलीकडे. रक्त तेच, बाई तीच, नावे मात्र दोन. ही रेषा जमिनीवर खडूने आखलेली आहे, ती शरीरात कुठे नसते, हे आम्हाला तिथे पहिल्यांदा उमगले.

एचबीएवनसीचा हिशेब वेगळा आहे. रक्तातल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असते आणि रक्तातली साखर त्याला हळूहळू चिकटत जाते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे, हे पाहिले की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ बॉर्डर, ६.५ आणि वर मधुमेह. तीन महिन्यांनी परत या, असे का म्हणतात, त्याचे कारणही हेच. आधीच्या पेशी जाऊन नव्या यायला तेवढा वेळ लागतो. आणि फार तहान, फार लघवी, वजन उतरणे अशी लक्षणे नसतील तर मधुमेहाचा शिक्का मारण्याआधी दोन चाचण्या रेषेच्या वर असाव्या लागतात. एकीवर भागत नाही.

आकडाही फसवू शकतो

थोरलीचे ६.४ पाहून आमच्या तोंडचे पाणी पळाले होते. पण डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिनवर बोट ठेवले. अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते. थोरलीला दोन-तीन वर्षांपासून पाळीचा त्रास होता, रक्त खूप जायचे. वय ४९. ‘या वयात असं होतंच’ म्हणून बायका जसे सोसतात तसेच चालले होते. डॉक्टरांनी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि सांगितले की आधी रक्त भरू द्या, मग एचबीएवनसीवर विश्वास ठेवू.

आमच्या विदर्भात ही गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. इथे सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि सिंधी समाजात थॅलेसेमियाचे. दोन्हींच्या रुग्णांसाठी केंद्र आमच्या जरीपटक्यातच आहे. या दोन्हींत हिमोग्लोबिनच वेगळे असते किंवा लाल पेशी लवकर मरतात. त्यामुळे एचबीएवनसीचा आकडा खोटा कमी किंवा खोटा जास्त येऊ शकतो. घरात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, मायनर म्हणतात तसा नुसता अंश जरी असेल, तरी शुगरच्या डॉक्टरांना ते आधी सांगावे. अशा वेळी उपाशीपोटीची चाचणी आणि ग्लुकोज पिऊन केलेली चाचणी जास्त भरवशाची ठरते.

धाकटीचे वेगळे होते. दुसऱ्या मुलाच्या वेळी तिला गरोदरपणात शुगर झाली होती. बाळंतपणानंतर ती गेली आणि त्यासोबत तिची आठवणही गेली. ज्या बाईला गरोदरपणात शुगर झाली, तिला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा कितीतरी पट जास्त असते आणि तिने दर एक ते तीन वर्षांनी जन्मभर तपासणी करत राहावे, असे डॉक्टर सांगतात. मुलगा आता अकरा वर्षांचा आहे.

आमची भीती कशाची होती

ज्या घरात मधुमेह पाहिलेला नाही, त्या घरात ‘बॉर्डर’ हा एक शब्द असतो. आमच्या घरात त्याला वास होता. आमच्या सासूबाईंना, आम्ही त्यांना अम्मीच म्हणायचो, वीस वर्षे शुगर होती. आधी पायाचे एक बोट गेले, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटची दोन वर्षे त्यांचे ड्रेसिंग आम्ही दोघींनी केले. सकाळी एकीने, संध्याकाळी दुसरीने. जखम धुताना अम्मी डोळे मिटून तस्बीह ओढायच्या आणि आम्ही श्वास रोखून पट्टी सोडवायचो. त्या गेल्या तेव्हा कपाटात गॉजचे बंडल शिल्लक होते. ते टाकून द्यायला आम्हाला वर्ष लागले.

म्हणून रिपोर्ट हातात आले, तेव्हा आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे न बघता एकमेकींच्या पायांकडे बघितले. त्या रात्री थोरली म्हणाली, ‘माझं कोण करणार?’ धाकटी म्हणाली, ‘भाभी, मी आहे ना.’ मग धाकटीच्या मनात आले की तिचे कोण करणार. ते ती बोलली नाही, पण थोरलीला कळले.

डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी फार वेळ दिला. ते म्हणाले, ‘अम्मींना मधुमेह होता म्हणून पाय गेला, हे अर्धंच खरं आहे. किती वर्षे कोणाला कळलंच नव्हतं, कळल्यावर किती वर्षे साखर मोकाट राहिली, पायाची नस आणि संवेदना कधी तपासली गेली का, तेही विचारा. तुम्ही दोघी जिथे उभ्या आहात, तिथे त्या उभ्या असताना त्यांना कोणी हटकलं नव्हतं. तुम्हाला हटकलंय.’

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक बॉर्डरवर आहेत. म्हणजे रेषेच्या पलीकडे जितके आहेत त्याहून जास्त रेषेवर उभे आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना आपण कुठे उभे आहोत याचा पत्ताच नाही. आम्हाला पत्ता लागला, तोही त्या शिबिरातल्या मोठ्या आवाजाच्या मुलामुळे. त्याचा राग तिथेच ओसरला.

सल्ल्यांचा पूर

बातमी पसरल्यावर घरी सल्ले येऊ लागले. कारल्याचा रस, मेथीचे भिजवलेले दाणे, जांभळाच्या बियांची पूड, कडुनिंबाची पाने, विजयसारच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी. कारले आणि मेथी आमच्या घरी तशीही शिजते, ती शिजत राहिली. एका नात्यातल्या खालांनी मात्र स्वतःच्या गोळ्यांची अर्धी पट्टी हातात ठेवली. ‘घे, मला चांगली लागू पडली.’ त्यांची माया खरी होती, पण शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की ज्याला गरज नाही त्याची साखर त्या एकदम खाली आणतात. माणूस घाम येऊन कोसळू शकतो. पट्टी आम्ही शुक्रिया म्हणून परत केली.

दुसऱ्या प्रकारचे लोक ‘काही होत नाही’ म्हणणारे होते. त्यांचे बोट नेहमी थोरलीकडे असायचे. ‘हिला कसली शुगर? काडीसारखी तर आहे.’ थोरली खरेच सडपातळ आहे आणि धाकटी अंगाने भरलेली. यावर डॉक्टरांनी एक किस्सा सांगितला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा होता, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस बाहेरून बारीक दिसला तरी आतून चरबीचा असू शकतो, विशेषतः पोटाच्या आत. म्हणून वजनकाट्याआधी कमरेला टेप लावावी. आम्ही लावली. काडीसारख्या थोरलीचा कंबरेचा घेर ८४ सेंटिमीटर भरला. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० च्या आत असावा असे म्हणतात.

एकच चूल

आमचे एकत्र कुटुंब आहे. दोघे भाऊ सोफा-कुशनचे दुकान चालवतात, पाच मुले आहेत आणि स्वयंपाकघर एकच. दोघींसाठी वेगळे शिजवायचे म्हणजे ‘आजाऱ्यांचे जेवण’ असे नाव पडणार आणि चार दिवसांत ते बंद होणार. म्हणून सगळ्यांचेच ताट थोडे थोडे बदलले. भात राहिला, पण डोंगराचा टेकडी झाला. गव्हाच्या पोळीच्या जोडीला ज्वारीची भाकरी आली. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वरण किंवा सालन आणि शेवटी भात-पोळी असा क्रम ठेवला. तेच अन्न याच क्रमाने खाल्ले तर जेवणानंतरची साखर कमी चढते. चहातली साखर दोन चमच्यांवरून एक, मग अर्धा. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेला.

संत्र्यांचे दिवस होते. नागपूरच्या माणसाला संत्री खाऊ नको म्हणणे म्हणजे जुलूमच. डॉक्टर म्हणाले, संत्रे खा, रस पिऊ नका. रसाच्या एका ग्लासात तीन-चार संत्र्यांची साखर असते आणि चोथा फेकला जातो. थोरलीला तर एक संत्रे लोहाच्या गोळीसोबतच खायला सांगितले, कारण आंबट फळाने लोह अंगी लागते. चहा मात्र गोळीपासून दोन तास लांब.

चालण्याचे मात्र सोपे नव्हते. जेवण झाले की भांडी, भांडी झाली की मुलांचा अभ्यास. शेवटी फज्रची नमाज झाली की अर्धा तास दयानंद पार्क, आणि रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे गल्लीतच फेऱ्या, असे ठरले. पहिल्या आठवड्यात ‘कुठे निघाल्या दोघी?’ असे लोकांनी विचारले. दुसऱ्या आठवड्यात सिंधी दादींची सून सोबत येऊ लागली. महिन्याभरात आम्ही सहा जणी झालो. थंडीत शाल, डोक्यावर ओढणी आणि पायात मुलांचे जुने स्पोर्ट शूज, असा आमचा काफिला निघायचा.

लपवायचे काय आणि किती

याच दिवसांत थोरलीच्या मुलीसाठी एक स्थळ आले. घरातल्या एका मोठ्या माणसांचे म्हणणे पडले की शुगरचे काही बोलू नका, अजून पक्के कुठे आहे? आणि ते खोटे नव्हतेच. पक्के नव्हते. मधुमेह नाही असे म्हटले असते तरी ते त्या दिवसापुरते खरे होते.

आम्ही दोघींनी रात्री बराच वेळ बोलून ठरवले की कोणी विचारले तर जे आहे ते सांगायचे, नाही विचारले तर ढोल वाजवायचा नाही. मुलाच्या आईने विचारलेच. ‘तुमच्या सासूबाईंना फार त्रास झाला म्हणे. घरात अजून कोणाला आहे का?’ थोरलीने सांगितले की तिची आणि जावेची शुगर बॉर्डरवर आहे, ईदनंतर पुन्हा तपासणी आहे. खोलीत जरा शांतता झाली. मग त्या बाईंनी विचारले, ‘एचबीएवनसी किती?’ त्यांचे स्वतःचे ७.२ होते. पुढचा अर्धा तास लग्नाचा विषय बाजूला राहिला आणि भाकरी जमते की नाही, पायांना मुंग्या येतात का, यावर बोलणे झाले. ते स्थळ पुढे जमले नाही, त्याचे कारण मुलाची नोकरी दूर होती. पण त्यांचा फोन अजून येतो.

रमजान

तीन महिन्यांच्या मध्येच रमजान आला. आजारी आणि मुसाफिर यांना रोज्यात सवलत आहे, सुटलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात, हे सूरह बकरामध्ये आलेले आहे. पण आम्ही आजारी होतो का? बॉर्डरवरच्या माणसाला सवलत आहे की नाही? हा प्रश्न आम्ही आधी डॉक्टरांना विचारला आणि मग मशिदीतल्या इमामसाहेबांना. इमामसाहेब म्हणाले, ‘डॉक्टर काय म्हणाले ते आधी सांगा. तुमच्या शरीराचं ते जाणतात.’

डॉक्टर म्हणाले की शुगरची कोणतीही गोळी सुरू नाही, त्यामुळे साखर धोकादायक खाली जाण्याची भीती फार कमी आहे. रोजे ठेवा, पण आधी थोरलीचे हिमोग्लोबिन पुन्हा पाहू. ते दहाच्या वर आले होते, म्हणून तिलाही परवानगी मिळाली. ज्यांना मधुमेह आहे आणि औषधे सुरू आहेत, त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि ‘डायबिटीस अँड रमजान’ ही तज्ज्ञांची संघटना यांनी मार्गदर्शन तयार केले आहे. त्यात प्रत्येकाचा धोका कमी, मध्यम की जास्त हे मोजून मग सल्ला दिला जातो. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा, हेही त्यात आहे. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. कित्येक लोक त्या भीतीने दिवसभर तपासतच नाहीत, म्हणून हे लिहितो.

रमजानमध्ये साखर वाढते ती उपाशी राहिल्याने नाही, ती सूर्यास्तानंतर. आमच्याकडे इफ्तारचे दस्तरखान म्हणजे भजी, समोसे, शरबताचा जग, फालुदा. या वर्षी एक किंवा दोन खजूर, पाणी, मग फळांच्या फोडी आणि उकडलेले चणे, मग मगरिब आणि त्यानंतर जेवण, असे केले. मुलांसाठी भजी तळली, आम्हीही एक-एक खाल्ली. सेहरीला दुधातल्या फेणीऐवजी भाकरी, अंडे, दही. पहिल्या चार दिवसांत चिडचिड झाली, नंतर दुपारची ग्लानीच कमी झाली. तरावीहनंतर पुन्हा चहा-मिठाईची जी बैठक बसायची, तिथे आम्ही शेंगदाणे ठेवले. पुरुषमंडळींनी दोन दिवस नाक मुरडले, तिसऱ्या दिवशी मुकाट्याने खाल्ले.

ईदला शीरखुर्मा झाला. अम्मींच्या हाताच्या मापानेच केला. दोघींनी एक-एक लहान वाटी घेतली आणि मन भरून खाल्ली.

निकाल

ईदनंतर तीन आठवडे थांबून, रोजचे जेवण पूर्ववत झाल्यावर आम्ही चाचणीला गेलो. या वेळी ग्लुकोजची चाचणी. रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त द्यायचे, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून पाच मिनिटांत प्यायचे, दोन तास एका जागी बसायचे आणि पुन्हा रक्त द्यायचे. त्या दोन तासांत चालायचे नाही, खायचे नाही. दोन तासांनंतर १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ बॉर्डर, २०० आणि वर मधुमेह. ते गोड पाणी पिताना थोरलीला मळमळले. आम्ही बाकावर शेजारी बसून होतो. बोलायला फारसे काही नव्हते.

धाकटीचे रिपोर्ट आले. उपाशीपोटी ९८, दोन तासांनी १३२, एचबीएवनसी ५.६. ती रेषेच्या अलीकडे आली होती.

थोरलीची उपाशीपोटी १२७, दोन तासांनी २११. हिमोग्लोबिन ११.४ झाले होते आणि एचबीएवनसी ६.३ वर उतरले होते. नुसते एचबीएवनसी पाहिले असते तर ती अजून बॉर्डरवरच वाटली असती. पण उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतरची, दोन्ही चाचण्या रेषेच्या वर होत्या. डॉक्टर म्हणाले, ‘आता थांबायचं कारण नाही. हा मधुमेह आहे, आणि अगदी सुरुवातीला सापडलाय.’

एकच चूल, एकच पार्क, तीच भाकरी, तेच रोजे. एक अलीकडे आली, एक पलीकडे गेली. त्या दिवशी धाकटीला आनंद करता येईना आणि थोरलीला रडता येईना, कारण समोर धाकटी होती. संध्याकाळी थोरलीने विचारले, ‘मग मी काय कमी केलं?’ धाकटीकडे उत्तर नव्हते. ते पुढच्या भेटीत डॉक्टरांनी दिले.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी बॉर्डरवरच्या ५३१ भारतीय माणसांवर एक अभ्यास केला होता, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना विशेष काही सांगितले नाही, त्यांच्यातले १०० पैकी ५५ जण तीन वर्षांत मधुमेहाकडे गेले. ज्यांनी चालणे आणि खाणे सांभाळले, त्यांच्यातले सुमारे ३९. म्हणजे सांभाळण्याचा उपयोग मोठा आहे, १०० मागे १६ माणसे वाचली. पण सांभाळूनही ३९ गेलेच. त्यांनी कमी केले म्हणून नव्हे. आई-वडिलांकडून काय आले, स्वादुपिंडात किती दम उरला, हे माणसाच्या हातात नसते. डॉक्टर म्हणाले, ‘तुम्ही तीन महिने केलं नसतं, तर आज १२७ च्या जागी किती असतं ते अल्लाहलाच ठाऊक. केलेलं वाया गेलेलं नाही. आता तेच करायचं आहे, फक्त सोबत एक गोळी.’

ते खरेच निघाले. घरात बदलायला काही शिल्लकच नव्हते. मेटफॉर्मिनची गोळी सुरू झाली. डोळ्यांचा पडदा तपासून झाला, लघवीतली प्रथिने पाहून झाली. तळपायाला नायलॉनचा बारीक धागा टोचून संवेदना पाहिली, ती शाबूत आहे. अम्मींच्या पायाला हे कोणी कधी केले नव्हते. दर शुक्रवारी गुस्लनंतर आम्ही एकमेकींचे तळपाय उजेडात पाहतो. धाकटीचेही, कारण सवय मोडू नये.

आता ज्यांच्या घरी कोणी बॉर्डरवर असेल, त्यांना आमच्या अनुभवातले एवढे सांगतो. पुढच्या तपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, मनात ठेवू नका. कोणत्या चाचण्या करायच्या आणि त्या का, हे डॉक्टरांना विचारा. हिमोग्लोबिनही पाहा. दुसऱ्याची गोळी घेऊ नका. वाट पाहत असलेल्या माणसाचे ताट वेगळे काढू नका, सगळ्यांचेच थोडे बदला. आणि निकाल काहीही आला तरी ‘बघ, तू मिठाई खायचीस ना’ असे त्याला म्हणू नका.

घरातले दोघे भाऊ अजून ‘आम्हाला काय झालंय’ असेच म्हणतात. अम्मी त्यांच्याही आई होत्या, हे आम्ही त्यांना सांगितले. येत्या रविवारी सकाळी दोघांना उपाशीपोटी घेऊन जायचे आहे. तर्री-पोहे त्यानंतर. अल्लाह सर्वांना शिफा देवो.